लॉगटेबल, लायब्ररी आणि परवाना



अकरावीच्या वर्गात गेलात, की पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत एक पातळसे पुस्तक तुमच्या हाती येते. त्याला आपण सगळे 'लॉगटेबल' म्हणतो. गुणाकार, भागाकार, घातांक अशी किचकट गणिते त्याच्या आधाराने सोपी होतात. आता या पुस्तकातले आकडे आकाशातून पडलेले नाहीत. जॉन नेपियर याने १६१४ मध्ये लॉगॅरिथमची कल्पना मांडली. हेन्री ब्रिग्ज याने १६२४ मध्ये हजारो संख्यांचे लॉगॅरिथम १४ दशांश स्थळांपर्यंत काढून छापले. त्यासाठी किती रात्री खर्ची पडल्या असतील, याचा विचार करा!

आता मी तुम्हांला एक प्रश्न विचारतो. परीक्षेत तुम्ही लॉगटेबल पाहून उत्तर काढले आणि उत्तरपत्रिका दिली. त्या उत्तरासाठी लॉगटेबल छापणाऱ्या प्रकाशकाची परवानगी घ्यावी लागते का? तुम्ही म्हणाल, "छे! पुस्तकाची किंमत दिली, संपले." बरोबर आहे. पण हेच गणित संगणकाकडून करवून घेतले, तर उत्तर इतके सोपे राहत नाही. ते का, हे मला थोडे खजील होऊनच शिकावे लागले. ती हकिगत आधी सांगतो.

भोसरीहून आलेला प्रश्न

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातल्या दोन विद्यार्थ्यांनी माझ्या देखरेखीखाली तापमानाची नोंद ठेवणारे एक छोटे यंत्र तयार केले. दूध थंड ठेवण्याच्या टाकीत ते बसवायचे होते. दूध काढल्यावर ते लवकरात लवकर ४ अंश सेल्सिअसच्या आसपास आणावे लागते, नाहीतर जंतूंची वाढ होऊन ते नासते. तापमान केव्हा किती होते याची नोंद असली, तर दोष कुठे झाला ते कळते.

तापमान मोजण्यासाठी आम्ही थर्मिस्टर वापरला होता. तापमान वाढले की थर्मिस्टरचा विद्युतरोध कमी होतो, पण सरळ रेषेत नव्हे. विद्युतरोधावरून तापमान काढण्याचे सूत्र असे आहे: १/ता = १/ता० + (१/बी) × लॉग(रो/रो०). येथे 'ता' म्हणजे केल्व्हिनमधील तापमान, 'रो' म्हणजे त्या तापमानाचा रोध, 'ता०' व 'रो०' म्हणजे संदर्भासाठी घेतलेले तापमान व त्या वेळचा रोध, आणि 'बी' हा त्या थर्मिस्टरचा स्थिरांक. लॉग मात्र १० च्या पायाचा नव्हे, तर नैसर्गिक.

एक उदाहरण करू. २५ अंशांना, म्हणजे २९८.१५ केल्व्हिनला, रोध १०,००० ओहम आहे आणि बी ३९५० आहे. रोध निम्मा, म्हणजे ५,००० ओहम झाला, तर तापमान किती? ०.५ चा नैसर्गिक लॉग −०.६९३१. त्याला ३९५० ने भागून १/२९८.१५ मध्ये मिळवा आणि व्यस्त करा. उत्तर येते ३१४.६ केल्व्हिन, म्हणजे सुमारे ४१.५ अंश सेल्सिअस.

पाहा, येथेही लॉग आलाच! पण यंत्रात लॉगटेबलचे पुस्तक कसे ठेवणार? तेथे होती एक नखाएवढी मायक्रोकंट्रोलर चिप. तिच्यासाठी विद्यार्थ्यांनी सी भाषेत आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम, लिहिला. त्यात 'लॉग काढ' अशी एक ओळ लिहिली आणि काम झाले.

यंत्र चांगले चालले. भोसरीतल्या एका छोट्या कारखानदारांनी ते पाहिले. ते दुधाच्या टाक्या बनवीत. त्यांना अशी ५० यंत्रे हवी होती. विद्यार्थ्यांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. पण व्यवहार ठरायच्या वेळी ते म्हणाले, "सर, एक विचारू का? या डबीतलं सगळं आपलंच आहे ना? पुढच्या पार्टीला मला तसं लिहून द्यावं लागतं."

मी "हो, हो, आपलंच" असे म्हणालो खरा. पण घरी येताना मनात पाल चुकचुकली. ती लॉगची ओळ विद्यार्थ्यांनी लिहिली होती. पण लॉग प्रत्यक्ष काढणारा भाग कोणी लिहिला होता? दुसऱ्या दिवशी आम्ही कंपायलरबरोबर आलेला परवाना प्रथमच नीट वाचला. कंपायलर एका कंपनीने विद्यार्थ्यांना फुकट दिला होता. परवान्यात स्वच्छ लिहिले होते, की हा कंपायलर आणि त्याची लायब्ररी शिकण्यासाठी आणि चाचणीसाठी आहे. तिच्यासह तयार झालेली आज्ञावली विक्रीच्या वस्तूत घालता येणार नाही.

एक विद्यार्थी हिरमुसला होऊन म्हणाला, "सर, मग आपला प्रोग्रॅम आपला नाही का?"

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आधी लायब्ररी म्हणजे काय, ते पाहू.

लायब्ररी म्हणजे काय?

संगणकाची भाषा म्हणजे व्याकरण आणि थोडेसे शब्द. सी भाषेचेच घ्या. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची याने १९७२ च्या सुमारास ती घडवली. या भाषेत बेरीज-वजाबाकी आहे, 'जर-तर' आहे, पुनःपुन्हा करण्याची सोय आहे. पण पडद्यावर अक्षरे उमटवणे, वर्गमूळ काढणे, लॉग किंवा साइन काढणे या गोष्टी मूळ भाषेत नाहीत! त्या कामांसाठी तयार आज्ञांचे लहान लहान गट असतात. त्यांना फंक्शन म्हणतात. अशा फंक्शनांचा संग्रह म्हणजे लायब्ररी. वाचनालयाशी तिचा संबंध फक्त नावापुरता.

प्रत्येक कंपायलरवाला आपापल्या मनाने फंक्शने देऊ लागला, तर एका संगणकावर लिहिलेली आज्ञावली दुसऱ्यावर चालणार नाही. म्हणून १९८९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने आणि १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने सी भाषेचे मानक प्रसिद्ध केले. त्यात भाषेबरोबर लायब्ररीही ठरवून दिली. कोणत्या फंक्शनचे नाव काय, त्याला काय द्यायचे, त्याच्याकडून काय परत मिळायचे, हे सारे १५ विभागांत बसवले. हिलाच म्हणतात प्रमाण लायब्ररी.

येथे एक बारकावा ध्यानात घ्या. मानक हे अभ्यासक्रमासारखे असते. 'लॉग काढणारे फंक्शन असावे, त्याचे नाव अमुक असावे' एवढे ते सांगते. लॉग कसा काढावा, हे ते सांगत नाही. अभ्यासक्रम एक असला, तरी पाठ्यपुस्तक कोणीतरी बसून लिहावे लागते. तसेच मानक एक असले, तरी लायब्ररी कोणीतरी लिहावी लागते. आणि जो लिहितो, त्याचा तिच्यावर हक्क असतो.

कोष्टक घरी राहते, लायब्ररी बरोबर जाते

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. लॉगटेबलमध्ये आणि लायब्ररीत फरक काय?

लॉगटेबल पाहून तुम्ही उत्तर लिहिता, तेव्हा उत्तरपत्रिकेत फक्त उत्तर जाते. पुस्तक तुमच्या दप्तरातच राहते. संगणकात तसे होत नाही. तुम्ही लिहिलेली आज्ञावली कंपायलर यंत्राच्या भाषेत उतरवतो. मग 'लिंकर' नावाची दुसरी आज्ञावली कामाला लागते. "याने लॉग मागितला आहे, छपाई मागितली आहे," असे पाहून लिंकर लायब्ररीतून तेवढे भाग उचलतो आणि तुमच्या आज्ञावलीला जोडतो. हा जोड आज्ञावलीचाच अवयव होऊन चिपमध्ये जातो. म्हणजे जणू लॉगटेबलची हवी ती पाने फाडून तुम्ही उत्तरपत्रिकेला टाचली!

आमच्या यंत्रातली आज्ञावली सुमारे २७ किलोबाइट भरत होती. विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेला भाग त्यातला जेमतेम ५ किलोबाइट. बाकी सारी टाचलेली पाने. ५० यंत्रे विकणे म्हणजे दुसऱ्याच्या त्या पानांच्या ५० प्रती विकणे. आपल्या वहीसाठी एक प्रत काढणे वेगळे आणि ५० प्रती काढून विकणे वेगळे. हे पुस्तकाच्या बाबतीत तुम्हांला सहज पटते. लायब्ररीच्या बाबतीत पटत नाही, कारण ती पाने डोळ्यांना दिसत नाहीत.

म्हणून त्या विद्यार्थ्याला मी म्हटले, "तुझी पाच किलोबाइट तुझीच आहेत. पण डबीत जाणारी आज्ञावली तेवढीच नाही."

कल्पना सर्वांची, लिखाण ज्याचे त्याचे

"पण सर, लॉग तर गणितातला आहे. गणितावर कुणाचा हक्क कसा?" हा पुढचा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. तो अगदी रास्त आहे. लॉगऐवजी वर्गमूळाचे उदाहरण घेऊ, म्हणजे हातांनी करून पाहता येईल.

२ चे वर्गमूळ काढायचे आहे. अंदाजाने १.५ घ्या. २ ला १.५ ने भागा, १.३३३३ येतात. १.५ आणि १.३३३३ यांची सरासरी काढा, १.४१६६६७. पुन्हा २ ला याने भागा, १.४११७६५ येतात. पुन्हा सरासरी, १.४१४२१६. खरे उत्तर १.४१४२१४. दोनच फेऱ्यांत आपण पाचव्या दशांश स्थळापर्यंत पोहोचलो! ही युक्ती अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवली आहे. तिच्यावर कोणाचाही हक्क नाही.

पण या युक्तीवरून दोघांनी दोन आज्ञावल्या लिहिल्या, तर त्या एकसारख्या होणार नाहीत. पहिला अंदाज कसा घ्यायचा? किती फेऱ्यांनंतर थांबायचे? ऋण संख्या आली तर काय करायचे? शेवटचा अंक बरोबर येईल याची खात्री कशी करायची? हे ठरवण्यातच खरे कष्ट असतात. कल्पना मोकळी आहे, पण तिच्यावरून केलेले लिखाण हे लिहिणाऱ्याचे.

आपला कायदाही असेच मानतो. आपला कॉपीराइट अधिनियम १९५७ चा आहे. १९८४ च्या दुरुस्तीने त्यात संगणकाच्या आज्ञावलीचा समावेश झाला. कायद्याच्या दृष्टीने आज्ञावली हे कथा-कवितांसारखेच 'साहित्य' आहे. एखाद्या व्यक्तीने लिहिलेल्या साहित्यावरचा हक्क तिच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. मात्र रीतसर मिळवलेली आज्ञावली चालवून, तपासून तिच्यामागचे तत्त्व समजून घ्यायला हाच कायदा परवानगी देतो. तत्त्व शिकणे हा गुन्हा नव्हे. लिखाण उचलणे हा गुन्हा.

मग फंक्शनांच्या नावांचे काय? ती कल्पना की लिखाण? या प्रश्नावर अमेरिकेत मोठा खटला झाला. गूगलने अँड्रॉइड तयार करताना जावा भाषेच्या लायब्ररीतील ३७ विभागांची नावे आणि रचना तशीच घेतली. ती सुमारे ११,५०० ओळींची होती. नावांच्या पाठीमागचे काम करणारे लिखाण मात्र गूगलने स्वतः केले. जावाचे हक्क ओरॅकल कंपनीकडे होते. तिने २०१० मध्ये दावा लावला. अखेर ५ एप्रिल २०२१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला, की गूगलने केलेला हा वापर न्याय्य वापर आहे. नावांवर हक्क असतो की नाही, हा मूळ प्रश्न न्यायालयाने न सोडवताच ठेवला. शिवाय हा निकाल अमेरिकेचा आहे, आपल्याकडचा नव्हे. तरी नाव आणि काम या दोन गोष्टी वेगळ्या कशा, हे त्यावरून चांगले कळते.

परवान्याचे प्रकार

हक्क लिहिणाऱ्याचा, म्हणून वापरायचे तर त्याची परवानगी हवी. ही लेखी परवानगी म्हणजेच परवाना. लायब्ररीच्या परवान्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार करता येतील.

पहिला प्रकार विकतच्या परवान्याचा. भौतिकीच्या संशोधकांना ठाऊक असलेले जुने उदाहरण म्हणजे 'नॅग' ही गणिताची लायब्ररी. १९७० मध्ये ब्रिटनमधील काही विद्यापीठांनी एकत्र येऊन ते काम सुरू केले. सी++ भाषेतले उदाहरण डिंकमवेअर या अमेरिकन कंपनीचे. पी. जे. प्लॉगर हे तिचे प्रमुख होते. त्यांनी १९९२ मध्ये सी भाषेच्या प्रमाण लायब्ररीवर एक जाडजूड पुस्तकच लिहिले. मायक्रोसॉफ्टसारख्या बलाढ्य कंपनीने आपल्या कंपायलरसाठी प्रमाण लायब्ररी स्वतः न लिहिता डिंकमवेअरकडून परवान्याने घेतली आणि अनेक वर्षे वापरली. पुढे २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपली ही लायब्ररी सर्वांसाठी खुली केली.

दुसरा प्रकार मोकळ्या परवान्याचा. "घ्या, वापरा, बदला, विकासुद्धा. फक्त माझे नाव आणि ही सूचना पुसू नका," एवढीच त्यात अट असते. छोट्या चिपांसाठी वापरली जाणारी 'न्यूलिब' ही लायब्ररी बहुतांशी अशीच आहे. ती एकाने लिहिलेली नाही. तिच्यात कॅलिफोर्निया विद्यापीठाचे लिखाण आहे, सन मायक्रोसिस्टिम्सची गणिती फंक्शने आहेत, दशांश अपूर्णांक छापण्यासाठी ए टी अँड टी कंपनीतून आलेला भाग आहे. म्हणून तिच्याबरोबर सूचनांची एक लांबलचक यादी येते. लग्नपत्रिकेवर जशी सगळ्या काका-मामांची नावे, तशी!

तिसरा प्रकार देवाणघेवाणीच्या परवान्याचा. "मी माझे लिखाण उघडे ठेवले, तुम्हीही ठेवा," असे तो म्हणतो. रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पाने हा मार्ग रूढ केला. त्यांचा जीसीसी हा कंपायलर १९८७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला. पण येथे एक अडचण उभी राहते. या कंपायलरची लायब्ररी तुमच्या आज्ञावलीला जोडली गेली, तर तुमची आज्ञावलीही उघडी करावी लागेल का? तसे झाले, तर कारखानदार कंपायलरला हातच लावणार नाहीत. म्हणून कंपायलरबरोबर जोडल्या जाणाऱ्या लायब्ररीसाठी एक अपवाद लिहून ठेवला आहे. २००९ मध्ये तो नव्या शब्दांत मांडला गेला. सर्वसाधारण रीतीने कंपायलर वापरला, तर तुमची आज्ञावली तुमच्याच अटींवर विकायला मोकळीक आहे. परवान्यातला एक परिच्छेद किती मोलाचा असतो, ते पाहा.

पुण्यातले एक उदाहरण

हे सारे दूरदेशीचे वाटते का? मग पुण्यातलेच उदाहरण घेऊ. १९९० मध्ये आपल्या शहरात केपीआयटी ही कंपनी स्थापन झाली. तिच्या नावातली पहिली दोन अक्षरे कीर्तने आणि पंडित यांची. मोटारगाड्यांतील इलेक्ट्रॉनिक्ससाठी ती ओळखली जाते. हिताची या जपानी कंपनीच्या एच८ आणि सुपरएच या चिपांसाठी केपीआयटीने जीसीसीवर आधारलेले कंपायलरसंच तयार केले. २००३ मध्ये हिताची आणि मित्सुबिशी यांच्या चिपांचा व्यवसाय एकत्र येऊन रेनेसास ही कंपनी झाली. पुढे तिच्या इतर चिपांसाठीही असे संच निघाले. जगात कुठेही बसलेला इंजिनिअर ते विनामूल्य घेऊ शकत असे.

आता गंमत पाहा. रेनेसासच्या चिपांसाठी ग्नू कंपायलर वापरताना इंजिनिअरपुढे एक छोटा प्रश्न येत असे: लायब्ररी कोणती जोडू, न्यूलिब की ऑप्टलिब? न्यूलिब आपण वर पाहिली. ऑप्टलिब ही या चिपांसाठी मुद्दाम आटोपशीर केलेली लायब्ररी. दोन्हींत लॉग काढणाऱ्या फंक्शनचे नाव तेच, कारण मानक एकच. आज्ञावलीतला एक शब्दही बदलावा लागत नाही. पण पाठीमागचे लिखाण वेगळे, म्हणून आकार वेगळा, वेग वेगळा आणि हक्कही वेगळे. पडद्यावरची एक खूण इकडची तिकडे केली, की आपण एका परवान्यातून दुसऱ्या परवान्यात जातो. हे काम किती सहज होते, म्हणूनच ते डोळे उघडे ठेवून करायला हवे.

पैसे कशासाठी द्यायचे?

मोकळ्या लायब्ररी असताना विकतची कोण घेईल, असे तुम्हांला वाटेल. पण मोटारीच्या ब्रेकचे नियंत्रण करणारी चिप डोळ्यांपुढे आणा. तिच्यातले वर्गमूळ चुकले, तर परिणाम काय होतील? मोटारींच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या सुरक्षिततेसाठी २०११ मध्ये आयएसओ २६२६२ हे आंतरराष्ट्रीय मानक आले. त्यानुसार वापरलेल्या साधनांवर आणि लायब्ररीवर विश्वास का ठेवावा, हे कागदोपत्री दाखवावे लागते. विकतची लायब्ररी देणारा चाचण्यांची कागदपत्रे देतो आणि चूक सापडली तर दुरुस्त करण्याची जबाबदारी घेतो. फुकट लायब्ररी देणारा बहुधा स्पष्ट लिहितो, की चुकीची जबाबदारी आमची नाही. म्हणजे आपण पैसे फंक्शनांचे देतो, तसेच कोणीतरी पाठीशी उभे राहण्याचेही देतो.

आता थोडा हिशेब करू. समजा, एक लायब्ररी दोन रीतींनी मिळते. पहिल्या रीतीत एकदाच ६०,००० रुपये द्यायचे. दुसऱ्या रीतीत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्रामागे २० रुपये. कोणती रीत परवडेल? ६०,००० ला २० ने भागा, ३,००० येतात. ३,००० पेक्षा जास्त यंत्रे विकणाऱ्याला पहिली रीत स्वस्त, कमी विकणाऱ्याला दुसरी. आमच्यासारखे ५० यंत्रे करणारे पहिल्या रीतीने गेले, तर एकेका यंत्रावर १,२०० रुपयांचा बोजा! परवाना हा वकिलांचाच विषय आहे, असे समजू नका. त्यात सातवीचे अंकगणितही आहे.

आमच्या यंत्राचे काय झाले?

मी भोसरीला गेलो आणि त्या गृहस्थांना सारे खरे सांगितले. "त्या दिवशी मी न पाहताच हो म्हटलं, ते चुकलं," असेही म्हटले. ते थोडे गप्प राहिले. मग म्हणाले, "सर, बरं झालं आधी सांगितलंत. माल गेल्यावर कळलं असतं तर मी अडकलो असतो. किती दिवस लागतील?"

मी तीन आठवडे मागितले.

आमच्यापुढे तीन वाटा होत्या. त्या कंपायलरचा विक्रीचा परवाना विकत घ्यायचा. ५० यंत्रांसाठी तो परवडण्यासारखा नव्हता. लॉगचे फंक्शन स्वतः लिहायचे. ते जमले असते, पण छपाईपासून सगळेच लिहावे लागले असते. तिसरी वाट, ग्नू कंपायलर आणि न्यूलिब. आम्ही तिसरी वाट धरली.

पण आज्ञावली नव्याने जोडली आणि पाहतो तो काय, ती ३८ किलोबाइट झाली! चिपमध्ये जागा ३२ किलोबाइटची. दोन दिवस शोध घेतल्यावर कारण सापडले. तापमान '४१.५' असे दशांश चिन्हासह छापायला सांगितले, की त्या एका कामासाठी लायब्ररीचा फार मोठा भाग ओढला जात होता. विद्यार्थ्यांनी युक्ती केली. तापमानाला १० ने गुणले, ४१५ ही पूर्ण संख्या मिळवली, आणि छापताना शेवटच्या अंकाआधी टिंब स्वतःच दिले. आज्ञावली एकदम १६ किलोबाइटवर आली. लॉग मात्र लायब्ररीचाच ठेवला. मग बर्फाच्या पाण्यापासून कोमट पाण्यापर्यंत जुने आणि नवे यंत्र शेजारी ठेवून वाचने घेतली. दोन्हींच्या वाचनांत फरक पडला नाही.

शेवटचे एक काम उरले होते. न्यूलिबमधल्या ज्या ज्या भागांचा उपयोग केला, त्यांच्या सूचना आम्ही शोधून काढल्या आणि यंत्राच्या माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक टाइपात छापल्या. माहितीपत्रक पाहून कारखानदार हसून म्हणाले, "सर, माझ्या टाकीच्या कागदावर एवढी साहेब मंडळी कशी आली?" मी म्हटले, "त्यांनीच तुमच्या दुधाचा लॉग काढलाय. तेवढं नाव नको का?"

५० यंत्रे गेली. आणि या वेळी 'सगळं आपलंच आहे' असे आम्ही लिहून दिले नाही. 'यात आमचे काय, दुसऱ्याचे काय, आणि दुसऱ्याचे कोणत्या अटीवर घेतले', हे लिहून दिले. त्यांच्या गिऱ्हाइकाला तेवढेच हवे होते.

मित्रहो, आज तुमच्यापैकी अनेक जण शाळेतच आज्ञावली लिहू लागले आहेत. उद्या तुमचे यंत्रही कोणी विकत मागेल. त्या दिवशी घाबरू नका आणि 'हो, हो, आपलंच' असेही म्हणू नका. लायब्ररी वापरण्यात कमीपणा काहीच नाही. ब्रिग्जचे लॉग वापरूनच न्यूटननंतरच्या पिढ्यांनी गणिते केली. फक्त लायब्ररी जोडण्याआधी तिचा परवाना वाचा. आम्ही तो शेवटी वाचला, म्हणून तीन आठवडे गेले.

करून पाहा

१. घरातल्या अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'फोनबद्दल' या भागात कायदेशीर माहिती असते. तेथे वापरलेल्या लायब्ररींचे परवाने दिलेले असतात. मोठ्यांच्या परवानगीने ते उघडा. एकच परवाना निवडून शिक्षकांच्या मदतीने वाचा आणि 'काय करता येते, काय करता येत नाही, काय करावेच लागते' असे तीन रकाने वहीत भरा.

२. वर दिलेल्या रीतीने ७ चे वर्गमूळ काढा. पहिला अंदाज ३ घ्या. तीन फेऱ्यांनंतर उत्तर २.६४५७५१ येते का, ते पाहा. मग पहिला अंदाज १ घेऊन किती फेऱ्या जास्त लागतात, ते मोजा.

३. हीच रीत तुमच्या शब्दांत, पायरीपायरीने लिहून काढा. मित्रालाही त्याच्या शब्दांत लिहायला सांगा. दोन्ही लिखाणे शेजारी ठेवा. त्यांत कल्पना कोणती आणि लिखाण कोणते, ते एकमेकांना सांगा.

४. एका लायब्ररीसाठी एकदाच ४५,००० रुपये किंवा प्रत्येक यंत्रामागे १५ रुपये द्यावे लागतात. ५०० यंत्रे करणाऱ्याने आणि ५,००० यंत्रे करणाऱ्याने कोणती रीत निवडावी? प्रत्येकाचे किती रुपये वाचतील?